दुपारी तीन वाजता आजींना खोलीवर कोण नेणार?

पत्र: ताई, नमस्कार. आम्ही फ्रँकफर्टला राहतो. मुलगी सात वर्षांची, मुलगा चारचा. डिसेंबरात सासू-सासरे सांगलीहून येतायत. नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून डिस्नेलँड पॅरिसला जायचं ठरलंय. चार रात्री, सात सीटची गाडी भाड्यानं घेऊन. भांडण हॉटेलवरून आहे. नवरा म्हणतो, जायचंच तर डिस्नेच्याच हॉटेलात, त्यातलं स्वस्तातलं घेऊ. मी म्हणते, बाहेर स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घेऊ. सासूबाईंना शुगर आहे, गुडघे दुखतात, दोघंही पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. शिवाय निम्म्या पैशांत होईल. सासरे म्हणतात, “आम्हाला काय, कुठंही चालेल.” काय करू?
– एक सून, फ्रँकफर्ट

उत्तर:

आधी सासऱ्यांच्या वाक्याचं बघू. आपल्या घरांत ‘आम्हाला काय, कुठंही चालेल’ याचा अर्थ ‘त्रास झाला तरी बोलणार नाही’ असाच असतो. म्हणजे त्यांच्या वतीनं विचार तुम्हालाच करावा लागणार. तुम्ही तो करताय, पण तुमचं सगळं लक्ष ताटाकडे आहे आणि नवरोबांचं हॉटेलाच्या पाटीकडे. मला काळजी वाटते ती दुपारी तीन वाजताची.

सांगते. डिसेंबरच्या शेवटी पॅरिसकडे सूर्य उगवतो पावणेनऊच्या सुमाराला आणि पाच वाजता मावळतो. तापमान साधारण ३ ते ८ अंश. फ्रँकफर्टकरांना या आकड्याचं काही वाटणार नाही, बर्फही तिथं क्वचितच पडतो. पण ती थंडी ओली असते. भुरभुर पाऊस, दिवसभर मळभ आणि मोकळ्या जागेतला वारा. सांगलीच्या माणसाच्या लेखी थंडी ही पहाटेची गोष्ट; नऊ वाजता अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसलं की ती संपते. इथं ते ऊन दिवसभर येतच नाही, हे सासू-सासऱ्यांना आधी सांगून ठेवा. नुसता स्वेटर जाड घेऊन भागत नाही.

आता पार्कातला दिवस कसा जातो ते बघा. सकाळी सगळे उत्साहात. दोन वाजेपर्यंत ठीक. तीनच्या सुमाराला धाकटा पेंगायला लागतो, सासूबाईंचे गुडघे कुरकुरायला लागतात, सासऱ्यांना कुठंतरी पाठ टेकायची असते. आणि ज्यासाठी पोरं आलेली असतात ते सगळं तर अंधार पडल्यावर सुरू होतं. झाडावरची रोषणाई, दिव्यांनी उजळलेला रस्ता आणि पार्क बंद होताना किल्ल्यावरचा खेळ, सगळं संध्याकाळनंतरच. मधले तीन तास काढायचे कुठं? उन्हाळ्यात बाकावर, झाडाखाली, आईस्क्रीम खात वेळ निघतो. हिवाळ्यात त्याच बाकावर वीस मिनिटं बसणं ही शिक्षा असते.

म्हणून हिवाळ्यात हॉटेल रात्रीच्या झोपेसाठी निवडूच नका, दुपारच्या झोपेसाठी निवडा. आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: तीन वाजता आजी, आजोबा आणि पेंगुळलेला नातू, तुमच्या दोघांपैकी कुणालाही सोबत न घेता, आपले आपण खोलीपर्यंत पोचतील का? पोचत असतील तर उरलेल्या तिघांची संध्याकाळ वाचली. नसतील, तर रोज तुमच्यापैकी एकानं तीन वाजता खेळ सोडायचा. तो एक कोण असेल, हे मला सांगायची गरज नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी जानेवारीत मी आईला घेऊन तिथं गेले होते. हमरस्त्याला लागून असलेलं एक हॉटेल स्वस्तात मिळालं, ‘पार्कपर्यंत मोफत बस’ असं ठळक लिहिलेलं. बस होतीही, पण सकाळी नेणारी आणि रात्री आणणारी. दुपारी नाही. हे मी तिथं पोचल्यावर वाचलं. चार तास आई दुकानांमधून फिरत राहिली, कारण दुकानांत ऊब होती. विचारलं की म्हणायची, “मी मजेत आहे गं.” त्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत ती कशावर तरी टेकलेली आहे.

तर आता नवरोबांचं म्हणणं तपासू. डिस्नेच्या हॉटेलात राहायचं, हे त्यांचं बरोबर. त्यातलं स्वस्तातलं घ्यायचं, हे चूक.

तिथं डिस्नेची स्वतःची सात ठिकाणं आहेत आणि ती सारखी नाहीत. सगळ्यांत जवळ, अगदी पार्कच्या दारावरच उभं असलेलं गुलाबी डिस्नेलँड हॉटेल. २०२४ साली नव्यानं सजवून उघडलं. त्याचे दर बघून घ्या, मग आपण पुढं जाऊ. त्यानंतर तळ्याकाठची तीन: न्यूयॉर्क, न्यूपोर्ट बे क्लब आणि सेक्वोया लॉज. पार्क ते हॉटेल दहा ते पंधरा मिनिटांची चाल, तीही सपाट. त्याच्या पलीकडं शायेन आणि सांता फे, ही दोन स्वस्तातली. नवरोबांच्या डोळ्यासमोर बहुधा हीच असणार. दोन्हींत प्रत्येकी हजारेक खोल्या आहेत, शायेनमध्ये पोरांना आवडेल असा दुमजली पलंगही आहे. पण चाल वीस मिनिटांची, आणि ही वीस मिनिटं नकाशावाल्यांच्या पायांची. सासूबाईंच्या गुडघ्यांची पस्तीस धरा. बस आहे, मोफत आहे, दिवसभर चालू असते. पण नाताळात तिलाही रांग असते आणि रांग उघड्यावर. शिवाय या दोघांत पोहण्याचा तलाव नाही. तळ्याकाठच्या तिघांत आहे, छपराखालचा आणि गरम पाण्याचा. पावसात अडकलेल्या सात वर्षांच्या मुलीला तो दुसऱ्या पार्काइतकाच भारी वाटतो.

सातवं ठिकाण डेव्ही क्रॉकेट रँच. झाडीतल्या लाकडी केबिन, आत छोटं स्वयंपाकघर, सहा माणसं मावतात, दरही बरे. कागदावर तुमच्यासाठीच बांधल्यासारखं! पण पार्कपासून ते सात-आठ किलोमीटर दूर आहे आणि स्वतःच्या गाडीशिवाय जाता येत नाही. तीन वाजताचा प्रश्न इथं नापास. मे महिन्यात मी तुम्हाला डोळे मिटून तिथंच पाठवलं असतं.

आता तुमचं अपार्टमेंट. बहुतेक तुम्ही वाल द्युरोपमधलं बघत असाल, पॅरिसहून येणाऱ्या आरईआर ए या लोकल रेल्वेचं पार्कच्या अलीकडचं स्टेशन. जागा चांगली आहे. स्टेशनला लागून मोठा मॉल, त्यात ओशां नावाचं अवाढव्य किराणा दुकान. दूध, दही, तांदूळ, कांदे, कोथिंबीर सगळं मिळतं. या रेल्वेनं पार्कपासून एक स्टेशन म्हणजे दोन-तीन मिनिटं. पण सासऱ्यांना फ्रेंच येत नाही, फलाट बदलला तर कुणाला विचारायचं कळणार नाही, आणि खांद्यावर झोपलेला नातू. ते जातील का? जातील, कारण ‘कुठंही चालेल’. पण तुम्ही तिकडे रांगेत उभ्या राहून दर पाच मिनिटांनी फोन बघत बसाल.

आणि ताई म्हणून एक विचारू का? त्या स्वयंपाकघरात उभं कोण राहणार आहे? दिवसाला दहा-बारा किलोमीटर पायपीट, दोन पोरं, सहा जणांची जाकिटं-मफलर-हातमोजे मोजून परत आणणं, आणि मग साडेआठ वाजता दोन शेगड्यांच्या चुलीवर कुकर लावायचा. सासूबाई म्हणतील, “मी करते, तू बस.” त्यांनी केलं तरी तुम्हाला बरं वाटणार नाही, तुम्ही केलं तरी त्यांना नाही. सुट्टीला जाऊन घरच ओढून नेल्यासारखं होतं ते. तुमची काळजी खरी आहे, शुगरच्या माणसाला वेळेवर आणि ओळखीचं खायला हवंच. फक्त त्यासाठी ओटाच लागतो असं नाही. त्याकडं येते.

‘निम्म्या पैशांत’ हे मात्र एकदा कागदावर मांडून बघा. डिस्नेच्या हॉटेलाचं पॅकेज घेतलं की त्यात सहसा पार्कची तिकिटंही धरलेली असतात, आणि पोचता तो दिवस व निघता तो दिवसही त्यात येतो. म्हणजे दोन रात्रींत तीन दिवसांचे पार्क. गाडी लावायचे पैसेही वेगळे पडत नाहीत. बाहेर राहिलात तर सहा माणसांची तिकिटं वेगळी (फुकट फक्त तीन वर्षांखालचे, तुमचा धाकटा त्यात बसत नाही), आणि रोजचं पार्किंग वेगळं. अपार्टमेंट स्वस्तच पडेल, पण निम्म्यात नाही. उलट एक गोष्ट पॅकेजात बऱ्याचदा नसते ती म्हणजे नाश्ता. धरलाय की नाही, हे बुकिंग करताना नीट वाचा. सहा माणसांचा नाश्ता हा आकडा लहान नसतो.

मी तुमच्या जागी असते तर चार रात्री दोन-दोन अशा तोडल्या असत्या. पहिल्या दोन सेक्वोया लॉजमध्ये, नंतरच्या दोन वाल द्युरोपच्या अपार्टमेंटमध्ये. दोघांची समजूत काढायला हे सांगत नाहीये. चार दिवस सलग पार्क हे सासू-सासऱ्यांना झेपणार नाही आणि चार वर्षांच्या पोरालाही नाही. तीन दिवस पार्क, मग मुक्काम हलवायचा. हाताशी गाडी आहे, अंतर पाच-सात मिनिटांचं, सामान उचलून ठेवायचं इतकंच. त्यानंतरच्या दिवसांत आरईआर एनं थेट पॅरिस. चाळीसेक मिनिटांत शहराच्या मधोमध. आयफेल टॉवर न बघता सांगलीला परत गेले तर शेजारीपाजारी काय म्हणतील! आणि त्या दिवसांत पायपीट तुमच्या हातात असते, संध्याकाळी लवकर परतता येतं, तेव्हा तुमचं स्वयंपाकघर खरंच कामाला येईल. वरण-भात, वर लिंबू. तीन दिवसांच्या पावा-चीजनंतर त्याची चव वेगळीच लागते.

सेक्वोयाच का? न्यूयॉर्क आणि न्यूपोर्टपेक्षा सहसा कमी दरात मिळतं, तळ्याकाठानं पंधरा मिनिटांत सरळ रस्ता आहे, चुकायला वाव नाही. आणि खाली मोठी शेकोटी आहे, खरीखुरी चूल म्हणावी अशी. आहे ती बारच्या दालनात, त्यामुळं सासरे आधी दारात घुटमळतील. त्यांना सांगा, कॉफीही मिळते. माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त मास्तरांनी अख्खं डिस्नेलँड विसरून त्या शेकोटीचंच वर्णन गावभर केलं होतं.

पण सेक्वोयात एक मेख आहे, ती आधी कळलेली बरी. हे हॉटेल एका इमारतीत नाही. मुख्य इमारतीशिवाय बाजूच्या झाडीत वेगवेगळे लॉज विखुरलेले आहेत. तिथं खोली मिळाली तर जेवणघर, शेकोटी, बस या सगळ्यासाठी रोज बाहेरून चालत यायचं, पावसातही. तेव्हा बुकिंग झाल्यावर फोन करून दोनच गोष्टी मागा: मुख्य इमारतीतली खोली आणि दोन खोल्यांमध्ये आतून दार. बहुतेक खोल्या चौघांच्या असतात, सहा जणांना दोन लागणारच. ‘ज्येष्ठ नागरिक आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे’ हे स्पष्ट सांगा. आपल्याला असं सांगायला संकोच वाटतो. तिथं न सांगणाऱ्याला लांबची खोली मिळते. मुख्य इमारत नाहीच म्हणाले, तर न्यूपोर्टचे दर विचारा. थोडे जास्त पडले तरी चालतील.

डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कात इतरांच्या आधी तासभर सोडतात. हिवाळ्यात त्या वेळी अजून पुरतं उजाडलेलंही नसतं. सासू-सासऱ्यांना त्यासाठी उठवू नका. बाबांनी थोरलीला घेऊन जावं, तासाभरात तीन-चार मोठे खेळ उरकून येतात. बाकीच्यांनी दहा वाजता आरामात निघावं. पहिल्या दिवसापासून सहा जणांनी कायम एकत्रच फिरायचं हा हट्ट सोडलात, तर निम्मा शीण तिथंच वाचेल.

तारखांबद्दलही थोडं बोलायचं आहे, कारण हॉटेलाचा दर खोलीपेक्षा तारखेवर जास्त ठरतो. नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा शक्यतो टाळा. फ्रान्समधल्या सगळ्या शाळा बंद, शेजारच्या देशांतल्याही बंद, आणि ३१ डिसेंबरची गर्दी तर विचारू नका. तुम्ही हेसेन राज्यात आहात, हे तुमचं नशीब. तुमच्याकडची नाताळची सुट्टी सहसा १० जानेवारीच्या आसपासपर्यंत चालते आणि फ्रेंच शाळा त्याआधी, ५-६ तारखेच्या सुमाराला उघडतात. मधले ते चार-पाच दिवस म्हणजे सोनं. दर उतरतात, रांगा आखडतात. नाताळची सजावट ६ जानेवारीच्या आसपास उतरवायला घेतात, तेव्हा यंदाच्या दोन्ही तारखा शेजारी मांडून बघा. एखादा दिवस दिव्यांचाही पदरात पडेल. जानेवारीत काही खेळ दुरुस्तीला बंद असतात, पार्कच्या संकेतस्थळावर यादी असते. मुलीचा जीव अडकलेला खेळच बंद नाही ना, एवढं पाहून घ्या.

आता जेवण. केटल खोलीत असेलच असं धरू नका, घरची छोटी केटल गाडीत टाका. जर्मन प्लग फ्रान्समध्ये चालतो. नुसत्या उकळत्या पाण्यात होणारे पोहे, उपमा, शिवाय थालीपीठं, दशम्या, मेतकूट, दाण्याची चटणी. सेक्वोयाच्या दोन रात्री यावर आरामात निघतात. शिजवायची भांडी मात्र खोलीत काढू नका. फोडणीच्या धुरानं अलार्म वाजला की मजलाच्या मजला जिन्यानं खाली येतो आणि सगळे आपल्याकडं बघतात. पार्कात सुका खाऊ आणि लहान डबा नेता येतो, काचेची बाटली आणि मोठे शीतपेटीसारखे डबे नाहीत. दुपारच्या जेवणाचं टेबल मात्र आधीच राखून ठेवा, साडेबाराचं. शुगरच्या माणसाला जेवणाच्या रांगेत तासभर उभं करायचं नाही. बुकिंग करताना ‘मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही’ असं तिन्ही वेगळं लिहा. नुसतं शाकाहारी लिहिलं की अंड्याचं ऑम्लेट प्रेमानं आणून ठेवतात.

गुडघ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. पार्कात शिरल्यावर डावी-उजवीकडं चाकाची खुर्ची भाड्यानं कुठं मिळते ते विचारून पहिल्याच दिवशी घ्या. सासूबाई ‘मी काय एवढी म्हातारी झाले का’ म्हणतील. सांगा, नातवाचं सामान ठेवायला घेतोय. दुसरं, मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना, दुकानांच्या मागून, छपराखालच्या लांब गल्ल्या आहेत. पॅरिसची हवा लक्षात घेऊनच त्या बांधल्यात. कित्येक लोक बाहेर पावसात भिजत जातात, कारण त्यांना या गल्ल्या माहीतच नसतात. आजी-आजोबांना पहिल्या दिवशी त्या वाटेनं एकदा चालवून आणा आणि तसंच पुढं तळ्याकाठानं हॉटेलपर्यंत. म्हणजे तीन वाजताची वाट त्यांच्या पायाखालची होईल. हॉटेलचं नाव फ्रेंचमध्ये लिहिलेली चिठ्ठी आणि खोलीची एक चावी आजोबांच्या खिशात.

गाडीनं जाताय ते उत्तम. तुमच्याकडून मेत्झ, रँसवरून येणारा ए४ रस्ता थेट डिस्नेलँडशी आणतो, पॅरिस शहरात शिरावंच लागत नाही. बाहेर पडायचा क्रमांक १४. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. थांबत-थांबत सात तास धरा आणि वाटेत टोल. रेल्वेनं आला असतात तर बहुतेक पॅरिसच्या गार द लेस्त या मोठ्या स्टेशनवर उतरून, बॅगा आणि गुडघे घेऊन, जमिनीखालचे जिने उतरत गाडी बदलावी लागली असती. सासू-सासऱ्यांचे पासपोर्ट आणि प्रवासविम्याचे कागद सोबत ठेवा, सीमेवर कधीकधी थांबवतात.

आजच दोन्हीकडचे दर काढा, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातले. आणि सासऱ्यांना विचारताना ‘कुठलं हॉटेल हवं’ असं विचारू नका. ‘दुपारी घटकाभर पडायला मिळालं तर बरं वाटेल का’, असं विचारा. त्याला ते ‘कुठंही चालेल’ म्हणणार नाहीत.